साठेसाहेबांच्या आठ खुर्च्या

क्लायंट येणार असला, की साठेसाहेब नेमक्या त्याच दिवशी मुलाखती ठेवत. हडपसरला आमची अठरा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी होती आणि दारातच आठ खुर्च्या. त्या भरलेल्या दिसल्या, की साहेब क्लायंटला सांगत, "बघा, कितीही माणसं घेतली तरी पुरत नाहीत." प्रत्यक्षात जागा एकही नसे. उमेदवारांना फोन करून खुर्च्या भरायचं काम माझं. म्हणायला मी मॅनेजर होतो.

माणूस बोलायला मात्र गोड. प्रत्येकाला 'आपण' म्हणायचे, स्वतःच्या हातानं वेलचीचा चहा द्यायचे. "आपली प्रोफाइल उत्तम आहे, संपर्कात राहू," हे इतक्यांदा ऐकलं, की पुढे तो चहा मी घेणंच सोडलं. एकदा मी म्हणालो, "साहेब, लांबून येतात हो मुलं." तर म्हणाले, "मुलाखतीचा सराव होतो त्यांचा. क्लासवाले त्याची फी घेतात, आपण वर चहा पाजतो." इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अश्विनी ढोले वर्ध्याची. कात्रजला एका कंपनीत टेस्टिंग करायची. अर्धी रजा टाकून तीनदा आली. तिसऱ्यांदा तिनं सरळच विचारलं, "सर, होणार आहे का नाही, तेवढं सांगून द्या." क्लायंट शेजारीच उभा होता. त्याला ऐकू जाईल अशा बेतानं साहेब म्हणाले, "आपण तिकडे राजीनामा देऊन टाका. आम्हाला लगेच रुजू होणारी माणसं हवीत." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

पुढे महिनाभर तिचे फोन येत राहिले. साहेबांनी सांगितलं म्हणून मी उचलले नाहीत. शेवटी किळस येऊन नोकरीच सोडली. साहेबांनी निरोपाचा चहा पाजला आणि दुपारी माझ्या जागेची जाहिरात टाकली. आठवड्यानं त्यांचा फोन आला, "मोकळेच आहात ना? बुधवारी क्लायंट येतोय, दोन खुर्च्या रिकाम्या राहतायत. जरा येऊन बसता का?"

तोंडाला येईल ते मी बोललो. मग अश्विनीला फोन लावून सगळं खरं सांगितलं.

ती म्हणाली, "शुक्रवारीच संपली माझी नोटीस. कात्रजला माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली त्यांनी." मी साठ्यांना शिव्या घालायला लागलो, तसं तिनं मला थांबवलं.

"त्यांचं जाऊ द्या, सर. मी तर तुमच्याकडे पाहून राजीनामा दिला."