पिकलेला घेवडा

फिटरकाका निवृत्त झाले आणि बघता बघता घरातली एकही बिजागरी कुरकुरेना. सगळा जन्म बस डेपोत गाड्यांखाली उताणं पडून गेलेला. हात कसे गप्प बसणार? दारं झाली, खिडक्या झाल्या, मग त्यांची नजर शिवणयंत्राकडे वळली. तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, त्याला हात लावलात तर याद राखा. ते चांगलं चालतंय."

घर दोन खोल्यांचं. मागच्या दाराबाहेर जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती, तिथे काकूंचं राज्य. त्यांच्या हाताखालून काही म्हणून वाया जायचं नाही. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, धडक्या कडा मधे घेऊन शिवायची, की आणखी काही वर्षं बिनघोर. साबणाच्या चिपा एकमेकींना चिकटून पुन्हा वडी व्हायची. भाज्या धुतलेलं पाणी टोमॅटोच्या बुंध्याशी जायचं. नोकरीत असताना काकांना या सगळ्याचं हसू यायचं. आता संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून, उन्हानं कोमट झालेला टोमॅटो मिठाबरोबर खाताना त्यांना हळहळ वाटायची, की ही चव आपल्या घरात होती आणि आपण कँटीनमध्ये जेवत राहिलो.

पाऊस सरला, ऊन मऊ झालं, सकाळी पानांवर दव दिसू लागलं, आणि लेकीचे दिवस भरत आले. काकू बाळंतपणाला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "पाणी तेवढं घाला. बाकी काही करू नका."

काकांनी पाणी घातलं. पण रोज पाणी घालताना त्यांना एक वाफा खुपायचा. त्यातली झाडं पार वाळली होती, पानं गळलेली, शेंगा कागदासारख्या खुळखुळत होत्या. बायको नातवंडासाठी रात्री जागतेय आणि आपण तिच्यासाठी एवढंही करू नये? एका सकाळी त्यांनी बाह्या वर सारल्या, वाळकी झाडं मुळासकट उपटली, सगळं कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्यात टाकलं, वर पालापाचोळा लोटला आणि पाणी मारलं. वाफा कसा स्वच्छ दिसू लागला! कधी एकदा काकू येतात आणि बघतात, असं त्यांना झालं.

काकू आल्या. नातीचं कौतुक सांगत सांगतच मागच्या दारात गेल्या, आणि बोलता बोलता थांबल्या.

"इथला घेवडा कुठेय?"

"वाळला होता, काढून टाकला. बघ, किती मोकळं झालं!"

काकू पायरीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. "वाळला नव्हता हो," त्या म्हणाल्या. "पिकला होता. बियाणं होतं ते. तुमच्या आईचं."

"आईचं?"

"माझं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी माझ्या ओंजळीत घातलं होतं. म्हणाल्या, सगळं खाऊन टाकू नकोस, थोडं पुन्हा पेर. त्यांना त्यांच्या आईनं दिलं होतं. दरवर्षी बी धरत आले मी."

आईचं म्हणून काकांकडे काहीच उरलं नव्हतं; ती गेली तेव्हाही ते कुठल्याशा बंद पडलेल्या गाडीखाली होते. आणि इतकी वर्षं तिचाच घेवडा आपल्या ताटात पडत होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"आधी सांगायचंस की गं," ते कसंबसं म्हणाले.

"तुम्ही घरी कधी होतात सांगायला?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच काका खड्ड्याशी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी कुजका पाला उपसू लागले. बऱ्याच शेंगांचा लगदा झाला होता, वास नाकात जात होता. पण तळाशी ऊब होती, आणि त्या उबेत काही दाणे फुटले होते. पांढरे, वाकड्या मानेचे कोंब. काकांनी ते डब्याच्या झाकणात घेतले आणि श्वास रोखून स्वयंपाकघरात नेले.

काकूंनी बघितलं. "आता? थंडीच्या तोंडावर? एक रात्र गारठली की गेले."

"वर काच टाकली तर?"

काकूंनी पहिल्यांदा मान वर केली. "काच कुठून आणणार?"

"ते माझ्यावर सोड."

डेपोच्या भंगारात जुन्या बसच्या खिडक्या पडलेल्याच होत्या. जुन्या सोबत्यांनी भरपूर थट्टा केली, "काय काका, घरच्या घरी बस बांधताय?" पण खिडक्या दिल्या. काकांनी भिंतीच्या उबेला लाकडी चौकट ठोकली, काचा बसवल्या, दुपारी सरकवता येतील अशा. काकूंनी कोंब लावले. काकांनी फक्त माती भुसभुशीत करून दिली, तीही विचारून विचारून. गारठा पडायला लागल्यावर काचांवर जुनं ब्लँकेट पांघरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

काही रोपं तरीही मेली. एकाला गोगलगायीनं खाल्लं, त्या रात्री काका बॅटरी घेऊन गोगलगायी वेचत बसले. उरलेल्यांना उशिरा का होईना, फुलं आली, मग शेंगा लागल्या. जेमतेम मूठभर.

शेंगा वाळल्यावर दोघं पायरीवर सोलायला बसली. दाणे तपकिरी, अंगावर काळे ठिपके. काका एकेक दाणा उजेडात धरून बघत होते.

"आई कशी करायची गं याची भाजी?" त्यांनी विचारलं.

"कांद्यावर परतून. मीठ मात्र कमी घालायच्या," काकू म्हणाल्या, आणि मग सासूबाई मीठ हात राखून का घालायच्या, त्याची लांबलचक गोष्ट सांगू लागल्या.