एक जानेवारीला जन्मलेल्या बायका

आमच्या रुग्णालयाच्या डेटाबेसमध्ये एक जानेवारीला जन्मलेली इतकी माणसं होती, की बाहेरच्या कुणाला वाटलं असतं, या शहरात वर्षातून एकदाच बाळंतपणं होतात. कारण साधं होतं. नोंदणीच्या खिडकीवर बाई सांगते, "पंचेचाळीस असेल." संगणकाला तारीख लागते, तारखेशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि मागे रांग असते. मग कारकून वर्ष मोजतो आणि एक जानेवारी टाकून मोकळा होतो. मला हे माहीत होतं. तरीही जन्मतारखेवरून माणूस ओळखायचा नियम मीच लिहिला.

काम दुहेरी नोंदी काढण्याचं होतं. बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधलं मुख्य रुग्णालय, दोन दवाखाने आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमधली आरोग्य शिबिरं, सगळ्यांचा डेटा एका जागी आणला होता. एकच माणूस तीन-तीन क्रमांकांनी फिरत होता. मी ठरवलं, नाव, जन्मतारीख आणि मोबाइल जुळले की माणूस एक. जुन्या शस्त्रक्रिया एकत्र करायच्या, ॲलर्जीच्या रकान्यात शेवटची नोंद धरायची. बैठकीत दहा मिनिटांत मंजूर झालं.

पुण्यात वाढलेल्या माझ्या डोक्यात माणसाला आडनाव असतंच. इथे पुष्कळांना एक नाव आणि फार तर एक आद्याक्षर. आडनावाच्या रकान्यात कारकून ते आद्याक्षर टाकायचे, नाहीतर नुसतं टिंब. तो रकाना निरुपयोगी म्हणून मी नियमातून वगळला. रविवारी प्रोग्राम चालवला. सोमवारी साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवून माझं कौतुक केलं.

मंगळवारी सकाळी नऊला शस्त्रक्रिया विभागातल्या सिस्टरचा फोन आला. तिचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरूतलं. घरी मराठी, पण निम्मं कन्नड.

"अक्का, स्वल्प खाली येता का?"

"काय झालं?"

"तुमचा कंप्युटर म्हणतो, या बाईची दोन सिझेरियन झालीत. मी पोट बघितलं. एक वण नाही. एक तर कंप्युटर खोटा, नाहीतर देवानं इस्त्री केलीय."

मी जिन्यानं उतरले. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. बाई पीण्यातल्या एका कारखान्यात सुटे भाग पॅक करणारी, खाटेच्या कडेवर पाय लोंबकळत ठेवून बसलेली. अकरा वाजता पित्ताशयाची शस्त्रक्रिया. स्क्रीनवर ॲलर्जीपुढे लिहिलं होतं, 'नाही.'

"हे विचारा तिला पुन्हा," मी म्हटलं.

सिस्टरनं कन्नडमध्ये विचारलं. बाई बराच वेळ बोलली, हात गळ्याशी नेऊन.

"म्हणते, मागे एकदा इथेच इंजेक्शन दिलं तेव्हा घसा सुजला, श्वास बंद झाला. कुठलं इंजेक्शन ते तिला ठाऊक नाही." सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर म्हणाले होते म्हणे, आता लिहून ठेवलंय, तू काळजी करू नको."

बाईनं मान हलवली आणि संगणकाकडे बोट दाखवलं.

शस्त्रक्रियेआधी तिला अँटिबायोटिक द्यायचं होतं. डॉक्टर म्हणाले, साडेदहापर्यंत थांबतो, नंतर आजचा दिवस रद्द. पण तिला रात्रभर दुखत होतं, रद्द करणंही सोपं नव्हतं.

एकत्र करण्याआधीचे तक्ते पुसून टाका, सर्व्हरवर जागा होईल, असं साहेब म्हणाले होते. मी पुसले नव्हते. जुनं महिनाभर ठेवायचं, ही माझी सवय. पण ते झिप करून ठेवलेले होते, उघडायला वेळ लागणार होता. मी वर येऊन खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. साहेब शेजारी येऊन उभे राहिले.

"मॅडम, एवढ्या नोंदींत एखादी केस चुकणारच ना."

"ती केस खाली खाटेवर बसलीय."

दहा वाजून दहा मिनिटांनी तक्ता उघडला. नाव एक, एक जानेवारी, साल एक, मोबाइल एक. बायका दोन. एकीच्या आडनावाच्या रकान्यात आद्याक्षर, दुसरीच्या टिंब. आद्याक्षरवालीची दोन सिझेरियन, ॲलर्जी नाही. टिंबवालीपुढे औषधाचं नाव होतं, पेनिसिलिन, आणि पुढे 'तीव्र'. मी फोनवर वाचून दाखवलं. सिस्टरनं एकेक अक्षर परत म्हटलं, कागदावर लिहिलं आणि चिकटपट्टीनं फाइलवर लावलं.

"सरी, ठीक झालं," ती म्हणाली. "आता हे कुणी पुसून दाखवा."

डॉक्टरांनी औषध बदललं. एकच्या सुमाराला बाई बाहेर आली, शुद्धीवर.

"सापडलं ना? झालं मग," साहेब म्हणाले.

"एक सापडलं." माझ्यासमोर एकत्र केलेल्या नोंदींची यादी होती, आणि ती खाली-खाली जातच होती. मी जुने तक्ते परत आणायला घेतले. नोंदणीच्या खिडक्यांवर कागदी फॉर्म पाठवले.

"सिस्टीम बंद करताय? मला निदान विचारायचं."

"विचारतेय ना. बंद करून झालीय."

दुपारभर मी यादीतल्या नंबरांवर फोन लावले. पहिला त्या खाटेवरच्या बाईच्या नंबरावर. तो नंबर कारखान्यातल्या सुपरवायझरचा निघाला. शिबिरात सगळ्या बायकांच्या फॉर्मवर त्यानं आपला मोबाइल दिला होता, म्हणजे निरोप चुकायला नको. मागे यंत्रं खडखडत होती.

"यारू बेकू?" कोण पाहिजे, असं तो विचारत होता.

मी माझ्या तुटक्या कन्नडमध्ये बाईचं नाव सांगितलं.

"कुठली?" तो म्हणाला. "एक तुमच्याकडेच गेलीय. बाकी दोघी इथे आहेत."

म्हणजे त्या नावाच्या तिघी. जुन्या तक्त्यात मात्र दोघीच होत्या. तिसरी माझ्या नियमाच्या आधीच, कुठल्यातरी खिडकीवर, दोघींपैकी एकीत मिसळली होती. कुणाचं काय कुणाच्या नावावर पडलं, ते कुठल्याच बॅकअपमध्ये मिळणार नव्हतं.

"दोघींनाही बोलवा," मी म्हटलं. "एकेकीला फोन द्या. मी थांबते." आणि फोन कानाशी धरूनच मी कोरा कागद शोधू लागले.