फोटोपुरता तन्मणी

फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात एका जुन्या सरदारघराण्यातल्या सुनेच्या चित्रापुढे मी थांबले. तिच्या गळ्यातल्या प्रत्येक मोत्यावर चित्रकाराने उजेडाचा ठिपका ठेवला होता. डोळ्यांत मात्र एकही नव्हता. गाईड सांगत होती, मोती म्हणजे शील, माणिक म्हणजे पतीवरचं प्रेम. मग सहज म्हणाली, "दागिने बहुधा सासरचे असायचे. लग्नात सुनेला घालायचे आणि पुढे काढून घ्यायचे."

माझा हात आपोआप गळ्याशी गेला.

माझ्या लग्नाच्या फोटोत मोत्यांचा तन्मणी आहे. सासूबाई म्हणाल्या होत्या, "फोटोपुरता घाल गं, मग माझ्याकडे दे." पाच वर्षांनी धाकट्या जावेच्या फोटोतही तोच आला. दोन्ही फोटो हॉलमध्ये शेजारीशेजारी लटकतात, आणि पाहुणे तन्मण्याचं कौतुक करतात.

सत्यनारायण आटोपल्यावर सासूबाईंनी तो स्वतः काढून घेतला होता. मागचा गोंडा माझ्या केसांत गुंतला होता. मोती ओघळू नयेत म्हणून एकेक केस बाजूला करत त्यांनी तो सोडवला.

इतक्या हळुवार हाताने त्या घरात मला पुन्हा कुणी स्पर्श केला नाही.