खोडलेले तीन रविवार

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा मला आजही अभिमान आहे. खरं सांगायचं तर थोडा माजच आहे. ऐंशीच्या दशकात मी खारदांड्याच्या खडकांवरचे शंख मोजत होते. ओहोटीच्या वेळा बघून मी आणि माझी मैत्रीण अंधेरीहून निघायचो. लाकडी चौकट न बघता टाकायची आणि तिच्या आतला प्रत्येक शंख वहीत उतरवायचा, असं वर्षभर चाललं. अख्खा किनारा काही चाळून होत नाही. पण किती जाती एकदाच सापडल्या आणि किती दोनदा, यावरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधता येतो. एकेकट्या जास्त, म्हणजे अजून बरंच बाकी.

माझ्या वहीत एकेकट्याच फार होत्या. काम अर्धवट केल्यासारखी मला लाज वाटायची. म्हणून शेवटचे तीन रविवार चौकट घरी ठेवून आम्ही नेमक्या त्याच जातींचा दुसरा शंख शोधत दगड उलथले. बरेच मिळाले. ते वहीत चढवून गणित मांडलं, तर बाकी जवळजवळ काही उरेचना! माझे गाइड सर खूश. "झकास! किनारा संपवलास तू." प्रबंध टायपिंगला गेला.

टाइप झालेली पानं ताडून बघताना मैत्रीण वही वाचत होती. मध्येच थांबली. "ए, या तीन रविवारी साधे काळे शंख एकपण नाहीत? पायाखाली करकरत होते ना गं!"

होते, ढिगांनी होते; आम्ही ते मोजलेच नव्हते. दुर्मीळ तेवढे वेचून, एकेकट्यांच्या मुद्दाम जोड्या लावून मी माझ्याच गणिताला फसवलं होतं. प्रबंध द्यायला चार दिवस राहिले होते आणि गप्प बसले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. मी सरांना सांगितलं आणि तिन्ही रविवार खोडले. सर भडकले. "वाट लावलीस सगळ्याची! परीक्षकांना आता काय दाखवणार?" मीही हट्टी. पानं पुन्हा टाइप करून घेतली. नवा अंदाज आला, किमान पंधरा जाती अजून सापडायच्या आहेत.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "या पंधरांपैकी तुम्ही किती पाहिल्यात?"

सरांनी मान खाली घातली.

"एकही नाही, सर!" मी म्हणाले, आणि आवाज इतका खणखणीत निघाला की बाहेर बाकावर बसलेल्या मैत्रिणीला वाटलं, आत भांडण जुंपलं.