टोपीवाल्या मुलीचं संमतिपत्र

अकरा मार्चला दुपारी फोटोवाल्या बाईंच्या खात्यात एका मासिकाकडून कड्याच्या फोटोंचे एकेचाळीस हजार सहाशे जमा झाले. तासाभरात मासिकाच्या ऑफिसातून फोन आला. कड्यावरच्या फोटोतली पिवळ्या टोपीची मुलगी ओळखू येते. तिच्या पालकांचं सहीचं संमतिपत्र हवं.

पालक म्हणजे बाई स्वतःच. मुलगी समोर जमिनीवर पालथी पडून पाढे लिहीत होती. टोपी खुंटीला होती.

कामावर घरचं माणूस न्यायचं नाही, असा करार होता. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. काम चार दिवसांचं असलं तर नणंद लेकीला सांभाळायची. त्याहून लांबलं, की शाळेची सुटी गाठून बाई तिला गुपचूप सोबत न्यायच्या. कड्याची उंची कळायला फोटोत माणूस लागतं. हाताशी लेकच असायची.

“दे ठोकून कुणाचं तरी नाव,” नणंद म्हणाली. “त्यांना काय स्वप्न पडणार आहे? खरं लिहिलंस तर त्यांचं पुढचं बेटांच्या फोटोंचं काम गेलंच समज.”

“फोटो माझा, आणि आई दुसरीच?” लेकीने मान वर न करता विचारलं.

“तू पाढे लिही गं, आगाऊ!”

बाईंनी नात्याच्या रकान्यात ‘आई’ लिहिलं आणि सही केली.

दोन दिवसांनी संपादकांनी बोलावलं. टेबलावर तीन वर्षांतले सहा अंक उघडे होते. सहाही ठिकाणी पिवळी टोपी.

“बाई, आम्ही काय डोळ्यांवर पट्टी बांधून अंक छापतो?”

“मग इतके दिवस बोलला नाहीत ते?”

“कागदावर नव्हतं तोवर मला दिसत नव्हतं. आता दिसतंय. बेटांचं काम वीस दिवसांचं आहे. मुलगी घरी राहणार असेल तरच तुमचं.”

बाईंनी दहा-दहा दिवसांच्या दोन खेपा मागितल्या. जादा भाडं तुमचं, संपादक म्हणाले. नणंदही कशीबशी तयार झाली. “अकराव्या दिवशी मात्र हिला टपालाने पाठवीन!”

बेटांचे फोटो छापून आले. एकातही माणूस नव्हतं.

“हा डोंगर केवढा आहे, कळतच नाही,” लेक म्हणाली. बाईंनाही ते पटलं.

कड्यावरच्या फोटोबद्दल ऑफिसच्या नियमाने मुलीला साडेसातशे मिळाले होते. ते बाईंनी दुसऱ्या खेपेच्या तिकिटात घातले. लेकीला ते अजून परत मिळालेले नाहीत.