आबांचे चिंचोके

गिरणीचा पहिला भोंगा झाला की आबा लंगोट कसून परसात उतरायचे आणि मला हाक यायची, "पोरी, चिंचोके घे!" आबा जोर काढायचे, मी मोजायची. तेही कानडीत, कारण त्यांचे वस्ताद अक्कलकोटकडचे. ओंदु, एरडु, मूरु... हत्तु, म्हणजे दहा, आला की एक चिंचोका जमिनीवर ठेवायचा. दहा चिंचोके म्हणजे शंभर जोर.

ही गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची. माझे हे आजोबा तरुणपणी जत्रेच्या फडात नावाजलेले पैलवान होते आणि पुढे मंगळवार पेठेतले चादरींचे व्यापारी. साठी उलटली तरी जोर सुटले नव्हते. जोर काढणाऱ्यानं स्वतः मोजायचं नाही, हा तालमीतला नियम त्यांनी घरीही पाळला. म्हणायचे, "आपलं आपनच मोजाय लागला की मानूस लबाड हुतो."

एकदा मला जत्रेला जायची घाई होती. सात चिंचोके झाले आणि मी आठव्याबरोबर नववाही हळूच सरकवला. आबा थांबले. अंगावरून घाम निथळत होता. त्यांनी हातानं सगळे चिंचोके विस्कटले आणि म्हणाले, "पैल्यापासनं." मी भोकाड पसरलं. "रडत मोज, पर खरं मोज," म्हणून त्यांनी पुन्हा पुरते शंभर काढले. जत्रेला आम्ही संध्याकाळी गेलो. पाळण्यात माझ्याशेजारी तेच बसले, आणि पाळणा वर गेला की माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते.

दुकानातही तीच तऱ्हा. चादरी गिऱ्हाइकानंच मोजायच्या, आबा डोळे मिटून ऐकत बसायचे. कुर्डुवाडीचा एक व्यापारी गप्पांच्या नादात सातानंतर एकदम नऊ म्हणाला. आबांनी डोळे उघडले. "आठ कुटं गेला, पाव्हणं? एक चादर कमी न्ह्याल की!" तो खजील होऊन हसला आणि गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसला.

मग एके दिवशी आबांची उजवी बाजू लुळी पडली. खाटेवरून त्यांना एकच ध्यास, दुकान. गिऱ्हाईक दिसलं नाही तर घास गोड लागत नाही म्हणायचे. वडील त्यांना न्यायला घाबरत. शेवटी त्यांची समजूत काढायला म्हणाले, "एका दमात शंभर पावलं चाला, मग नेतो."

दुसऱ्या दिवसापासून परसात पुन्हा हाक आली, "पोरी, चिंचोके घे." डावा हात माझ्या खांद्यावर, उजवा पाय फरफटत. आधी दोन चिंचोके, मग चार. महिना गेला तरी सहाच्या पुढे गाडी जाईना.

त्या सकाळी सातवा पडला. आबांचे ओठ पांढरे झाले होते. मला राहवेना. मी हातातले उरलेले तिन्ही चिंचोके एकदम खाली टाकले आणि वडिलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "झाले शंभर!"

आबांनी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता "पैल्यापासनं" म्हणणार, म्हणून मी मान खाली घातली. ते कसेबसे वाकले, तीन चिंचोके वेचून त्यांनी माझ्या मुठीत दाबले आणि कानाशी हळूच म्हणाले, "हे उद्या घालू." मग दाराकडे बघून हाक दिली, "टांगा बोलवा की रं! शंभर झाले हितं!"

त्या दिवशी आबा तासभर दुकानात बसले. डाव्या हातानं चादरी चाचपल्या, कुणीतरी मोजत होतं ते डोळे मिटून ऐकलं. चौथ्या दिवशी ते गेले.

ती तीस पावलं राहिली. पण ते खोटं मोजल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि आबांनाही वाटलं नसावं.