रुपा सिस्टरचा एक तास

न टोचणाऱ्या मशीनवर आपल्याकडे कुणाचा भरवसा नाही. सुई घुसली, सलाईन लागलं, म्हणजे इलाज सुरू झाला. नुसती पट्टी चिकटवून पडद्याकडे बघत बसलेल्या सिस्टरला नातेवाईक दर दहा मिनिटांनी विचारतात, "इंजेक्शन कवा देणार?"

वसमतच्या एका दवाखान्यात हा प्रश्न रुपा राठोडला अकरा वर्षं ऐकावा लागतोय. बोटाला लावायचा चिमटा आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण या दवाखान्यात त्याच्या पुढचं एक मशीन आहे. हातापायाला चिकटपट्टी लावायची. तिच्यातला प्रकाश कातडीखाली जातो आणि तिथल्या मांसाला प्राणवायू किती मिळतोय, त्याचा आकडा पडद्यावर येतो. चिमट्यावर सत्त्याण्णव दिसत असताना एखादा सुजलेला पाय आतून गुदमरत असू शकतो. ते फक्त ही पट्टी सांगते.

पट्टी लावायची ती रुपानंच, असं दवाखान्यात ठरूनच गेलंय. आधी जागा पुसून कोरडी करते. गोंदण असेल तर पट्टी बाजूला सरकवते, कारण गोंदणाची शाई प्रकाश गिळते आणि आकडा खोटा येतो. हे तिला पुस्तकाआधी कळलं, कारण ती वारंगा फाट्याजवळच्या बंजारा तांड्यातली आणि गोंदलेल्या हातांतच वाढलेली. नऊ वर्षांची असताना बाप गेला. त्या दिवशी बायकांनी आईच्या दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या, बलिया, उतरवल्या, ते तिनं दारात उभं राहून पाहिलं. तांड्यात नवरा जिवंत असेपर्यंत बाई दंडावरच्या बलिया काढत नाही. आश्रमशाळा, नर्सिंग, नोकरी, एवढं सगळं झालं तरी त्या उतरवण्याचा आवाज तिच्या कानातून गेलेला नाही.

गेल्या हळद काढणीत दुपारी अकराच्या सुमारास नानीबाईला आणलं. वय साठ. हळदीचा पाला उचलताना घोणसीनं उजव्या हाताला दंश केला होता. विषावरचं औषध लगेच सुरू झालं. मनगटातल्या बांगड्या गावातच काढलेल्या होत्या, दंडावरच्या पाच बलिया मात्र तशाच. सूज कोपराकडे चढत होती. सोमेश्वर डॉक्टरांनी हात बघितला, "आधी त्या बलिया काढा, मग बाकीचं," म्हणाले आणि एका अडलेल्या बाळंतिणीच्या ऑपरेशनला गेले.

रुपानं कात्री आणली. नानीबाईनं दंड छातीशी धरला.

"मालक बाहेर जित्ता बसलाय," ती तांड्याच्या बोलीत, गोरमाटीत म्हणाली. "तू आपल्या तांड्याची दिसतीस. काहून हे करून राहिलीस?"

तिथं दुसऱ्या पाळीतली प्रतिक्षा सिस्टर असती तर तिनं ऐकून न ऐकल्यासारखं करून कात्री चालवली असती. प्रतिक्षाला बलिया म्हणजे प्लास्टिकच्या बांगड्या. रुपाचा हात मात्र थांबला. तिनं गोंदण टाळून कोपराखाली पट्टी लावली. आकडा आला चौसष्ट. दुसऱ्या हाताचा होता एकाहत्तर.

"बरं याडी," तिनं आईला हाक मारावी तशी हाक मारली, "साठच्या खाली गेला तर काढू."

साडेअकराला आकडा एकसष्ट झाला. मग अठ्ठावन्न. रुपानं पट्टी नीट बसली नसेल म्हणून काढून परत लावली. छप्पन्न. नानीबाईनं डोळे मिटले होते, सूज बलियांपर्यंत पोचली होती आणि मांस बलियांच्या दोन्ही बाजूंनी वर आलं होतं. अजून पाच मिनिटं, असं रुपा स्वतःलाच सांगत राहिली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. आकडा सत्तेचाळीसवर आला तेव्हा ती धावत बाहेर गेली.

नानीबाईचा नवरा उत्तमसिंग बाकावर बसला होता. तिनं त्याला आत आणून दोन्ही हातांचे आकडे दाखवले.

"काका, या हाताचा जीव चाललाय. बलिया कापाव्या लागतील."

उत्तमसिंगनं पडदा बघितला, मग बायकोचा हात. "आण इकडं," तो म्हणाला. "मी जित्ता हाये आन् मीच कापून राहिलो. तांड्यात काय बोलायचं ते मला बोला म्हणावं."

पहिल्या दोन त्यानं कापल्या. तिसरीला त्यानं कात्री रुपाच्या हातात दिली, उरलेल्या तिनं कापल्या. नानीबाईनं तोंड भिंतीकडे केलं होतं. पंधरा मिनिटांनी एकोणपन्नास, अर्ध्या तासानं त्रेपन्न. संध्याकाळी साठ.

हात वाचला. चौदाव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं वळत नव्हतं, चिमटा काढला तरी कळत नव्हतं. उत्तमसिंग वॉर्डभर सांगत फिरत होता, या पोरीनं हात वाचवला. ते रुपाला ऐकवेना. ती नानीबाईच्या खाटेवर जाऊन बसली.

"याडी, डॉक्टरांनी आल्याआल्या काढायला सांगितलं होतं. मी तास घालवला. तुमची दोन बोटं त्या तासानं नेली."

नानीबाईनं डाव्या हातानं ती दोन बोटं मिटवून पाहिली.

"तवाच कापल्या असत्यास तर मी तुला जल्मभर शिव्या दिल्या असत्या."

"चाललं असतं," रुपा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दहा बोटांनी भाकर थापता थापता दिल्या असत्या."

नानीबाईनं तिला असू दे म्हटलं नाही, आणि रुपाचीही ती अपेक्षा नव्हती. डाव्या हातानं पदर सारखा करून नानीबाई उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"आता तांड्याची कोणी आली तर तिला पुसू नको, पोरी," ती म्हणाली. "काढून टाक."